'बिगिनर कॉम्बो' म्हणून रिमोटचं विमान विकतायत, पैसे देण्याआधी हे वाचा

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजूला मुलासाठी पहिलं रिमोटचं विमान घ्यायला जाणार असाल तर जरा थांबा. भाच्याची दहावी झाली म्हणून आम्ही तिकडच्याच एका दुकानातून 'बिगिनर कॉम्बो' घेतला, साडेनऊ हजार मोजले आणि त्यातली एकही वस्तू धड निघाली नाही.

रिसीव्हरमध्ये, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या विमानातल्या भागात, तर सरळ सरळ गंडवलं. दुकानदाराने फ्लायस्काय कंपनीचा सहा चॅनलचा ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालू केला, काउंटरवरच्या रिसीव्हरला बाइंड केला म्हणजे जोडला, सर्व्हो (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) हलवून दाखवले, भाचा एकदम खूश. बॉक्समध्ये मात्र दुसराच रिसीव्हर, डीएसएम२ चा. घरी काही केल्या बाइंड होईना, फोन केला तर म्हणतो "अहो दोन्ही २.४ गीगाहर्ट्झच आहेत, ट्राय करत राहा". अरे २.४ ही नुसती फ्रिक्वेन्सी झाली, फ्लायस्कायचा प्रोटोकॉल, म्हणजे सिग्नलची भाषा, एएफएचडीएस २ए, डीएसएम२ हा स्पेक्ट्रम या दुसऱ्या कंपनीचा, ते दोघं एकमेकांना जन्मात ओळखणार नाहीत आणि हे त्याला चांगलं माहीत होतं, म्हणून तर काउंटरवर बरोबर जोडीचा ठेवला होता. तेव्हा बॉक्समधलाच रिसीव्हर बाहेर काढायला लावा आणि समोर बाइंड करून घ्या.

बॅटरीवर स्टिकर ३एस (तीन सेलची) २२०० एमएएच क्षमतेचा. हातात हलकी लागली म्हणून किचनच्या काट्यावर ठेवली तर सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही, या साइजची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) साधारण पावणेदोनशे-एकशेऐंशी भरते. स्टिकर सोलला तर खाली १३०० चा! शिवाय एक सेल फुगलेला. फुगलेली लिपो चार्जिंगला लावली की पेट घेऊ शकते आणि ही त्याने पोराच्या हातात दिली, पैशापेक्षा मला याचा संताप आहे. प्रत्येक सेलचं व्होल्टेज दाखवणारा सेल चेकर स्वस्तात मिळतो, तो लावून बघा, फुल चार्जला प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट दाखवतो, ३ च्या खाली गेलेला असेल तर घेऊच नका.

विमान पण बिगिनरचं नाहीच, खाली पंख असलेलं मस्टँगसारखं फायटर. शिकायला हाय विंग ट्रेनर लागतं, पंख वर आणि त्याची टोकं थोडी उचललेली, रिमोटची स्टिक सोडली की बऱ्यापैकी स्वतःच सरळ होतं. फायटर वळलं की वळलेलंच राहतं, नवखा माणूस सावरेपर्यंत जमिनीत. शिवाय ते थर्माकोलचं, ईपीपी फोम मागा, तो वाकतो आणि तुटला तरी चिकटवता येतो.

आणि वर सल्ला काय, तर "शिवाजी पार्कात बिनधास्त उडवा". मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवरच्या विमानांवर बंदीचे आदेश काढतात, मुलगा पकडला गेला असता तर हा येणार होता का सोडवायला?

पक्कं बिल दिलं नाही, साधी चिठ्ठी, यूपीआय भलत्याच नावावर. परत गेलो तर म्हणे इलेक्ट्रॉनिक माल रिटर्न होत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार केलीय. तुमच्याकडेही असा माल आला असेल तर आधी सगळ्याचे फोटो काढा आणि ती बॅटरी चार्जरला अजिबात लावू नका, घराबाहेर सावलीत वाळूच्या डब्यात ठेवा.