न्यूयॉर्कमध्ये चार्टर शाळेसाठी जागा शोधताना ‘झोला’ : कुठे भरवशाचा, कुठे अपुरा

न्यूयॉर्क शहराच्या नगर नियोजन विभागाचा ‘झोला’ हा ऑनलाइन नकाशा फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि शहरातल्या कुठल्याही प्लॉटवर क्लिक केलं की त्याची कुंडली समोर येते. चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण स्वतंत्र विश्वस्त मंडळाच्या हातातली शाळा. न्यूयॉर्क राज्यात ती १९९८च्या कायद्याने आली. मंजुरी मिळाली म्हणजे इमारतही हातात पडली असं होत नाही, आणि जागेच्या शोधात मंडळांचं वर्ष-वर्ष जातं. त्या शोधाच्या पहिल्या चाळणीसाठी झोलाच्या तोडीचं दुसरं साधन नाही. मात्र तो प्लॉटबद्दल जितका बोलतो, तितका त्यावरच्या इमारतीबद्दल बोलत नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

पत्ता किंवा बीबीएल, म्हणजे बरो (शहराचा विभाग)-ब्लॉक-लॉट हा क्रमांक टाकला की बाजूच्या पट्टीत झोनिंग, मालकाचं नाव, प्लॉटचं क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, इमारतीचा वर्ग ही सगळी माहिती येते. सगळे आधी झोनिंग बघतात. शाळेसाठी आधी बघायची ती ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ची ओळ. शहरात असे ३२ जिल्हे आहेत. चार्टर शाळेच्या प्रवेशाच्या लॉटरीत शाळा ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या मुलांना प्राधान्य असतं, आणि मंजुरीही ठरावीक जिल्ह्यासाठी घेतलेली असते. जिल्ह्याची हद्द रस्त्याच्या मधून जात असेल, तर समोरासमोरच्या दोन इमारती वेगवेगळ्या जिल्ह्यांत पडतात. चुकीच्या बाजूची इमारत घेतली तर मंजुरीत दुरुस्ती मागावी लागते, आणि ज्या वस्तीत दारोदार फिरून पालकांच्या सह्या गोळा केल्या त्यांचंच प्राधान्य जातं.

मग झोनिंग. ‘आर’ म्हणजे निवासी आणि ‘सी’ म्हणजे व्यापारी, यांपैकी बहुतेक क्षेत्रांत शाळा हक्काने, म्हणजे विशेष परवाना न मागता, बसते. ‘एम१’ या हलक्या उद्योगांच्या क्षेत्रात ‘बोर्ड ऑफ स्टँडर्ड्स अँड अपील्स’ या शहराच्या मंडळाचा विशेष परवाना लागतो. भाडं कमी आणि मजले प्रशस्त म्हणून मंडळं एम१मधल्या गोदामांकडे वळतात. या परवान्याच्या अटी कडक आहेत: हक्काने परवानगी असलेल्या क्षेत्रात जागा मिळणं व्यवहारात शक्य नव्हतं हे दाखवावं लागतं, आणि प्लॉट अशा क्षेत्राच्या हद्दीपासून ४०० फुटांच्या आत असावा लागतो. शिवाय आजूबाजूचा आवाज आणि वाहतूक यांपासून मुलांचा बचाव कसा होणार, हेही पटवून द्यावं लागतं. ४०० फुटांची कच्ची तपासणी नकाशावरच्या मोजपट्टीने दोन मिनिटांत होते, मग वकिलाकडे जायचं की नाही ते ठरवा. एक खबरदारी: एम१ला जोडून आर लिहिलेलं दिसलं, उदाहरणार्थ एम१-२/आर६ए, तर ते मिश्र वापराचं क्षेत्र असतं आणि तिथला हिशोब वेगळा, पुष्कळ सोपा. आणखी एक, जून २०२४मध्ये झोनिंग नियमावलीतल्या वापर-गटांची फेरमांडणी झाली. सल्लागाराच्या अहवालात ‘वापर-गट 3’ असा जुना अरबी आकडा असेल (आता रोमन III लिहितात) तर अहवाल जुन्या साच्यावरून उचललेला असण्याची शक्यता धरा.

एफएआरच्या, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम चालतं त्या चटईक्षेत्राच्या ओळीत निवासी, व्यापारी आणि ‘फॅसिलिटी’ असे वेगवेगळे आकडे दिसतात. शाळेला लागू होतो तो फॅसिलिटीचा. आर६ या निवासी क्षेत्रात तो ४.८ आहे. ५० बाय १०० फुटांचा प्लॉट असेल तर ५,००० गुणिले ४.८, म्हणजे २४,००० चौरस फूट. मुलामागे ८० चौरस फूट हा काटकसरीचा अंदाज धरला तर तीनशे मुलांची शाळा कागदावर बसते, तीही मोठी व्यायामशाळा न धरता. पण हा आकडा नवं बांधकाम किंवा वाढीव मजल्यांसाठी. उभी इमारत भाड्याने घ्यायची असेल तर प्रत्यक्ष बांधकामाचं क्षेत्रफळ बघायचं, आणि तिथे झोलाचा आकडा ढोबळच असतो.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे बंद पडलेल्या चर्चच्या शाळा. चार्टर शाळांसाठी या इमारती सोन्यासारख्या: वर्गखोल्या आधीपासून आहेत, दोन जिने आहेत, खिडक्या मोठ्या, बाहेर छोटं का होईना अंगण. इमारतीच्या वर्गात त्यांचा कोड ‘डब्ल्यू२’. पण झोलात ‘माझ्या जिल्ह्यातले सगळे डब्ल्यू२ दाखव’ असं म्हणायची सोय नाही, आणि शाळेच्या कामासाठी ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. त्यासाठी त्याच विभागाची ‘प्लूटो’ ही शहरातल्या सगळ्या प्लॉटच्या माहितीची फाइल उतरवून घ्यावी लागते. साडेआठ लाखांहून अधिक ओळींची आहे, साधी स्प्रेडशीट धापा टाकते, म्हणून आधी बरो आणि स्कूल डिस्ट्रिक्टने गाळा, मग इमारतीच्या वर्गाने. गाळताना ‘एम१’ हा चर्चचा वर्गही ठेवा, एम१ क्षेत्राशी त्याचा काही संबंध नाही. कारण अनेक ठिकाणी चर्च, पाद्र्यांचं घर आणि शाळा एकाच करप्लॉटवर असतात आणि सगळा प्लॉट चर्च म्हणून नोंदलेला असतो. ‘इमारतींची संख्या’ या ओळीत ३ दिसले की समजायचं की क्षेत्रफळाचा आकडा तिन्हींचा मिळून आहे. ४०,००० चौरस फूट वाचून हुरळून जावं आणि शाळेची इमारत निघावी २२,०००ची, असं सहज होतं. इमारतींचे आकार दाखवणारा थर (नकाशावर चालू-बंद करता येणारी माहिती) आणि हवाई छायाचित्र एकावर एक ठेवून, शाळेच्या इमारतीची लांबी-रुंदी मोजून मजल्यांनी गुणा, मगच पुढे जा. आणि धार्मिक संस्थेची मिळकत पाच वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने घ्यायची तर राज्याच्या कायद्यानुसार ॲटर्नी जनरलची किंवा न्यायालयाची मंजुरी लागते. वेळापत्रकात त्याला काही महिने वेगळे ठेवा.

बांधकामाचं वर्ष ही ओळ दिसायला किरकोळ, पण तिच्यावर बरंच अवलंबून आहे. जुन्या इमारतींच्या बाबतीत हे वर्ष अनेकदा अंदाजाने भरलेलं असतं. १९३८ पूर्वीच्या इमारतीकडे वापर-प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी) नसूही शकतं. पट्टीतल्या लिंकवरून बांधकाम विभागाच्या नोंदी उघडा आणि प्रमाणपत्र असेल तर मजल्यागणिक वाचा: कोणत्या मजल्यावर कोणता वापर, किती माणसांना परवानगी. ‘शाळा’ असा उल्लेख नसेल तर वापरबदलाचं काम निघतं, आणि त्यापाठोपाठ अग्निसूचक यंत्रणा, स्प्रिंकलर, लिफ्ट, व्हीलचेअरची वाट हे सगळं. वर्गखोलीत दर २० चौरस फुटांना एक माणूस असा हिशोब नियमांत धरतात, म्हणून माणसं वाढली की जिन्यांची रुंदी कमी पडू लागते. जेवणाच्या खोलीत ७५ किंवा जास्त माणसं जमणार असतील तर वेगळं प्रमाणपत्र लागतं. ॲस्बेस्टॉसची तपासणीही, संघराज्याच्या कायद्यानुसार, इमारत शाळा म्हणून वापरायच्या आधी व्हावी लागते. यातलं काहीही झोला सांगत नाही.

पर्यावरणाच्या बाबतीत दोन थर सुरू करायलाच हवेत. एक ‘ई-डेझिग्नेशन’चा, म्हणजे प्रदूषण किंवा आवाजाच्या शक्यतेमुळे प्लॉटवर मारलेल्या शिक्क्याचा. त्या प्लॉटवर नवं किंवा वाढीव बांधकाम आणि काही प्रकारचे वापरबदल करायचे तर शहराच्या पर्यावरण उपाय कार्यालयाचा हिरवा कंदील मिळाल्याशिवाय बांधकाम परवाना मिळत नाही. दुसरा पुराचा: त्यात २००७चा आणि २०१५चा, असे दोन नकाशे आहेत. विमा २००७वर चालतो, बांधकाम मात्र दोन्हींपैकी जो कडक त्यावर. दोन्ही बघा, खास करून जेवणघर तळघरात असेल तर. ई-डेझिग्नेशन नाही म्हणजे जमीन स्वच्छ, असं मात्र समजू नका. शेजारच्या गाळ्यात कधीकाळी ड्रायक्लीनर असेल तर परक्लोरोइथिलीन या त्यांच्या रसायनाची वाफ जमिनीतून शेजारच्या इमारतीत शिरू शकते. हे कळतं जागेचा पूर्वीचा वापर धुंडाळणाऱ्या ‘फेज वन’ तपासणीतून, आणि तिचे मुख्य भाग १८० दिवसांत शिळे होतात, म्हणून ती फार आधी करून पैसे घालवू नका.

भाडं, रिकामी जागा, सरकारी शाळेच्या इमारतीत वाटून मिळू शकणारे मजले, यांपैकी काहीच झोलावर नाही, आणि तशी अपेक्षाही नको. पण जागेचा निर्णय शेवटी या आकड्यांवरच अडतो. २०१४च्या कायद्यानुसार नव्या चार्टर शाळेने आधी शहराकडे जागा मागायची. शहराने ती दिली नाही तर भाड्याला मदत मिळते: प्रत्यक्ष भाडं, किंवा मूळ विद्यार्थी-अनुदानाचे ३० टक्के गुणिले पटसंख्या, यांतलं जे कमी ते. २०२२च्या वर्गसंख्या कायद्याने सरकारी शाळांत तिसरीपर्यंत २०, चौथी ते आठवी २३ आणि हायस्कूलला २५ अशी मर्यादा घातली, त्यामुळे त्यांच्या इमारतींतल्या मोकळ्या खोल्या कमी होत चालल्या आहेत. म्हणजे भाड्याचा मार्ग धरूनच चाला. त्यातला फास असा: मदत पटावरच्या मुलांवर ठरते. पहिल्या वर्षी बालवर्ग आणि पहिली मिळून १२० मुलं, आणि इमारत तीनशेंची, तर पूर्ण इमारतीचं भाडं त्या मर्यादेच्या कितीतरी वर जातं आणि फरक शिक्षकांच्या पगारातून निघतो. मालकाकडे पटाबरोबर वाढणारं भाडं मागा, नाहीतर आधी दोनच मजले घ्या आणि बाकीच्यांवर पहिला हक्क करारात लिहून घ्या.

झोला मोठ्या पडद्यावर वापरा, थर एकावर एक ठेवताना मोबाईलवर काही दिसत नाही. जमलेले प्लॉट बुकमार्क करा. पाचपैकी चार तारे, पाचवा डब्ल्यू२ गाळता येत नाही म्हणून कापला. ब्रोकरकडे जाताना प्रत्येक प्लॉटमागे एकच पान न्या: बीबीएल, स्कूल डिस्ट्रिक्ट, झोनिंग, शाळेच्या इमारतीचं स्वतः मोजलेलं क्षेत्रफळ, वापर-प्रमाणपत्रातला मजलेनिहाय उल्लेख, ई-डेझिग्नेशन आणि पुराची स्थिती, आणि पहिल्या तीन वर्षांच्या पटावर निघणारी भाड्याच्या मदतीची मर्यादा.