दोन पट्ट्यांमधली फट डेटाशीटवर दिसते तेवढीच नसते : दुहेरी बाजूच्या सिलिकॉन स्ट्रिप डिटेक्टरविषयी अभिप्राय

आमच्या प्रयोगशाळेत बराच काळ वापरात असलेला हा डिटेक्टर, म्हणजे आदळणाऱ्या कणांची जागा आणि ऊर्जा मोजणारा सिलिकॉनचा पातळ तुकडा, चौरस, साधारण ५० मिलिमीटर बाजूचा आणि ३०० मायक्रॉन जाडीचा आहे. पुढच्या बाजूला १६ उभ्या आणि मागच्या बाजूला १६ आडव्या पट्ट्या असून प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटर रुंद आहे आणि दोन पट्ट्यांमध्ये ०.१ मिलिमीटरची फट आहे. चौकटीची बांधणी, वायर-बाँडिंग आणि कनेक्टर यांबाबत तक्रार नाही. अमेरिशियम-२४१ या किरणोत्सर्गी स्रोताच्या ५.४८६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या अल्फा कणांचे, म्हणजे हेलियमच्या अणुकेंद्रांचे, शिखर प्रत्येक पट्टीवर अरुंद आणि नीटस दिसते. तक्रार आहे ती फटीबद्दल, किंबहुना डेटाशीटवर त्या फटीबद्दल जेमतेम एक आकडा देऊन विषय संपवला आहे, त्याबद्दल.

भूमितीने पाहिले तर ३.१ मिलिमीटरमागे ०.१ मिलिमीटर, म्हणजे एका बाजूचे सुमारे ३.२ टक्के क्षेत्र फटीत जाते. दोन्ही बाजूंना एकेकच पट्टी स्वच्छ वाजली (म्हणजे तिने संकेत दिला) पाहिजे अशी अट घातली, तर सुमारे ६.४ टक्के कण हातचे जातात. एकट्या कणाच्या मोजणीत हे खपून जाते. पण कार्बन-१२ च्या ७.६५ एमईव्ही पातळीच्या विघटनातले तिन्ही अल्फा कण एकत्र पकडायचे असतील, तर हीच अट जवळपास १८ टक्के घटना गाळते. खरेदीच्या वेळी आम्ही हा हिशोब केलाच नव्हता, ही चूक मात्र आमची.

भूमितीचा हा हिशोबही अपुराच आहे, हे अरुंद चीर असलेली पितळी पट्टी स्रोतासमोर धरून ती थोडी थोडी सरकवताना कळले. अल्फा कण पुढच्या बाजूच्या फटीवर आला की एका पट्टीवर नेहमीचा, पण बुटका स्पंद (विद्युत पल्स) दिसतो आणि त्याच क्षणी शेजारच्या पट्टीवर उलट्या ध्रुवतेचा स्पंद उमटतो. ऑसिलोस्कोपवर हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा आम्ही आधी संकेत मोठा करणाऱ्या प्रीअँप्लिफायरवर संशय घेतला आणि अख्खी दुपार केबल बदलण्यात घालवली. कारण सिलिकॉनमध्येच होते. फटीवरच्या ऑक्साइडच्या थरात धन प्रभार साठलेला असतो, तो इलेक्ट्रॉनांना पृष्ठभागाजवळ ओढून धरतो. कणाने निर्माण केलेल्या सुमारे १५ लाख इलेक्ट्रॉन-होल जोड्यांपैकी होल (इलेक्ट्रॉन सुटल्याने उरलेल्या, धन प्रभारासारख्या वागणाऱ्या रिकाम्या जागा) एका पट्टीकडे जातात, परंतु अडकलेले इलेक्ट्रॉन दोन्ही पट्ट्यांवर उलट प्रभार प्रेरित करतात; म्हणून दोन पट्ट्यांची बेरीज केली तरी पूर्ण ऊर्जा परत मिळत नाही.

मागच्या बाजूच्या फटीचे वागणे त्या मानाने सोज्ज्वळ आहे. अल्फा कण पुढून शिरून पहिल्या तीसेक मायक्रॉनमध्येच थांबतो, इलेक्ट्रॉन उरलेली जाडी ओलांडून मागे पोहोचतात आणि दोन पट्ट्यांमध्ये वाटले जातात. इथे बेरीज केली की ऊर्जा जवळजवळ पूर्ण मिळते. म्हणून एकच पट्टी हवी ही अट मागच्या बाजूला सैल करावी आणि पुढच्या बाजूला मात्र कडक ठेवावी, असे माझे मत आहे. पुढच्या आणि मागच्या ऊर्जांचा आलेख काढला की फटीतल्या घटना दोन्ही ऊर्जा समान दाखवणाऱ्या कर्णरेषेपासून सुटून पडतात, त्यामुळे त्या वगळणे अवघड नाही. उत्पादकाने हे एका परिच्छेदात सांगितले असते तर आमचा बराच वेळ वाचला असता.

बायस व्होल्टेज, म्हणजे डिटेक्टरवर लावलेले व्होल्टेज, पूर्ण डिप्लीशनच्या (सिलिकॉनच्या अख्ख्या जाडीतले मुक्त प्रभार हटवायला लागणाऱ्या पातळीच्या) बरेच वर नेले की प्रत्यक्षात जाणवणारी फट अरुंद होते, पण गळती प्रवाह वाढतो, त्यामुळे ही सवलत मर्यादेतच घेता येते. शिवाय ऑक्साइडमधला प्रभार किरणोत्सर्गाच्या माऱ्याने बदलतो. ज्या पट्ट्यांवर सतत मारा होतो त्यांच्या फटींचे आज मोजलेले मूल्य पुढच्या प्रयोगात गृहीत धरता येत नाही. फटच लहान मागवावी, असे कोणाला वाटेल. तसे केल्यास शेजारच्या पट्ट्यांमधली धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता, कपॅसिटन्स) वाढते आणि तिच्याबरोबर नॉइजही वाढतो. काही एमईव्ही ऊर्जेच्या अल्फासाठी तो भार सोसतो. ३०० मायक्रॉनमध्ये जेमतेम २०-२५ हजार जोड्या निर्माण करणारे वेगवान, हलके कण मोजायचे असतील तर सोसत नाही.

एकेकट्या अल्फा किंवा प्रोटॉनच्या मोजणीसाठी मी हा डिटेक्टर निःशंकपणे सुचवेन. एकाच वेळी अनेक कण पकडण्यासाठी घेणाऱ्यांनी मागणी नोंदवण्यापूर्वी उत्पादकाकडे निरनिराळ्या व्होल्टेजला फटीत किती ऊर्जा पूर्ण मिळते याचा आलेख लेखी मागावा. आम्ही तो मागितला तेव्हा उत्तरादाखल तीच डेटाशीट पुन्हा आली.