निळा स्पंज घ्यावा की लाल?

मरीन टँकसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी, स्पंज (दगडाला चिकटून जगणारा समुद्री प्राणी) बघायला गेलं की नजर आधी लाल नाहीतर केशरी, फांद्याफांद्यांच्या स्पंजवरच जाते. शेजारचा पसरट निळा त्यापुढे साधा वाटतो. तरी पहिलाच स्पंज असेल तर निळा घ्या, असं मी आग्रहानं सांगेन.

फरक पोटापाण्याचा आहे. कोलोस्पॉन्जिया नावानं मिळणाऱ्या निळ्याच्या अंगात सायनोबॅक्टेरिया राहतात. ते उजेडावर अन्न तयार करतात, त्यातलं स्पंजलाही मिळतं. कोरलसाठी लावलेला लाइट त्याला पुरतो. लाल स्पंज जगतो तो पाणी गाळून. बारीक छिद्रांतून पाणी आत ओढायचं, त्यातले जिवाणू आणि सूक्ष्म कण टिपायचे, मोठ्या तोंडातून पाणी बाहेर सोडायचं, दिवसरात्र हेच. आपण स्किमर (पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणारं यंत्र) लावून पाणी जितकं नितळ ठेवू, तितका तो उपाशी. बाटलीतलं फायटोप्लँक्टन (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती) घालता येतं, पण हात सैल सुटला की पाणी बिघडवणारं नायट्रेट, फॉस्फेट चढतं.

माझा लाल स्पंज चार महिने छान दिसत होता. मग एका फांदीचं टोक राखाडी पडलं, त्यावर पातळ पांढुरकी साय धरली. तेवढा भाग पाण्यातच कात्रीनं कापून टाकला, पण आठवड्यात दुसरी फांदी तशीच झाली. शेवटी सगळाच काढावा लागला. कुजता स्पंज टँकमध्ये राहिला तर अमोनिया वाढून मासेही जातात.

जागा दोघांना उलट लागते. निळा उजेडात, पण वेगळ्या दगडावर ठेवा. रुजला की शेजारच्या कोरलवर चढतो, ही त्याची एकच खोड. लाल सावलीत आणि चांगल्या प्रवाहात हवा, नाहीतर अंगावर शेवाळ धरून छिद्रं बुजतात.

दुकानदारानं स्पंज पाण्याबाहेर उचलून दाखवला, तर तो घेऊ नका, कुठल्याही रंगाचा असो. आत हवा अडकली की तेवढा भाग मरतो. पिशवीत भरणं, टँकमध्ये सोडणं, सगळं पाण्याखालीच व्हायला हवं. मोठे एंजलफिश पाळले असतील तर दोन्ही विसरा, स्पंज हा त्यांचा खाऊच आहे.

आणि घेण्याआधी एकदा संपमध्ये (टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) टॉर्च मारून बघा, स्पंज कदाचित तुमच्याकडे आधीच असतील. लाइव्ह रॉकबरोबर (जीवजंतू वसलेल्या समुद्री दगडाबरोबर) आलेले सायकॉन स्पंज तिथे अंधारात चिकटलेले असतात: पांढरे, नखाएवढे, टोकाला बारीक झालर.