वॉर्सा की सोफिया: कोणता सांस्कृतिक प्रासाद पाहावा?

भाची वास्तुकला शिकते. पूर्व युरोपच्या सहलीत समाजवादी काळातलं एकच सांस्कृतिक केंद्र बघायला वेळ आहे, कोणतं बघू, असं तिने विचारलं.

इतिहासाचं वजन वॉर्सातल्या ‘संस्कृती आणि विज्ञान प्रासादा’ला जास्त. युद्धात बेचिराख झालेल्या शहराच्या मध्यभागी सोव्हिएत संघाने भेट दिलेली ही 237 मीटर उंच इमारत 1955 मध्ये खुली झाली, तीही स्टालिनच्या नावाने. वास्तुविशारद लेव्ह रुदनेव यांनी पोलंडमधली जुनी शहरं फिरून तिथल्या प्रबोधनकालीन इमारतींचे नक्षीदार कठडे हिच्यावर चढवले. ती पाडा म्हणणारे आजही भेटतात. 2007 मध्ये ती संरक्षित वारसाही झाली. हा ताण मला फार मोलाचा वाटतो.

सोफियाचा प्रासाद 1981 चा, बल्गेरियन राज्याच्या 1300 व्या वर्षानिमित्त बांधलेला. बाहेरून अष्टकोनी, काहीसा रुक्ष. आत मात्र भित्तिचित्रं, लाकडी कोरीवकाम, विणलेले भित्तिपट.

बघायला वॉर्सा सोपं: तिकीट काढून तिसाव्या मजल्यावरच्या सज्जात जाता येतं. सोफियात एखाद्या कार्यक्रमाचंच तिकीट काढावं.

सत्ता आणि शहर यांचं नातं अभ्यासणाऱ्याने वॉर्सा निवडावं. भाचीचा प्रबंध अंतर्गत सजावटीवर आहे, तिने सोफियाच गाठावं.