गोणी तीच, पाटी नवी: आठ महिन्यांचा अनुभव

रावेर तालुक्यात माझी साडेतीन एकर केळी आहे. ग्रँड नैन जात, टिश्यू कल्चरच्या रोपांची, सहा बाय पाच फुटांवर, म्हणजे एकरी साधारण १,४५० झाडं. जूनमध्ये लावलेल्या मृगबागेपासून एका परदेशी कंपनीची विद्राव्य (पाण्यात पूर्ण विरघळणारी) खतं ठिबकमधून सोडतोय. पूर्वी हाच माल एक आयातदार आणायचा. आता मूळ कंपनीनं भारतात विक्रीसाठी स्वतःचीच कंपनी काढलीय. कारखाना नाही, गोदाम, बिलं आणि मोटारसायकलवर फिरून सल्ला देणारी पोरं, एवढाच पसारा.

खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे, त्याप्रमाणे गोणीवर आयात कोणाची, विक्री कोणाची हे छापावं लागतं. जुनी गोणी शेजारी ठेवून पाहिली. १३:०:४५ (नत्र, फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश यांचे टक्के) तेच, देश तोच, खालचं नाव तेवढं बदललेलं. बादलीतही तसंच विरघळतं, तळाला गाळ नाही. मालाबद्दल तक्रार नाही.

तक्रार सल्ल्याची. सप्टेंबरात त्यांचा नवा मुलगा म्हणाला, ‘भाऊ, कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ एकाच टाकीत सोडा, वेळ वाचेल.’ वीज येते आठ तास, तीही रात्रपाळीत. मलाही ते पटलं. ही माझी चूक. आठवड्याभरात सालदार सांगत आला, शेवटच्या ओळीची माती कोरडी आहे. ड्रीपर उघडला तर आत चुन्यासारखा पांढरा थर.

फोन केला. आधी दुकानदार आयातदाराकडे बोट दाखवायचा आणि आयातदार फोनच उचलायचा नाही. या वेळी तिसऱ्या दिवशी त्यांचे साहेब स्वतः बांधावर आले. बादलीत दोन्ही खतं एकत्र ढवळली; बघता बघता पाणी ताकासारखं पांढरं. कॅल्शियम आणि फॉस्फरस एकमेकांना धरून बसतात, असं त्यांनी सालदारालाही समजावलं. ॲसिड त्यांच्या खर्चानं आलं, चोवीस तास नळ्यांत ठेवून मग लाईन धुतली. तरी दीडेकशे ड्रीपर बदलावेच लागले. त्याची भरपाई मागितली तर ‘वर मेल टाकलाय.’ कंपनी इथली, पण ‘वर’ म्हणजे अजून समुद्रापलीकडेच. ती मेल अजून वरच आहे.

आणखी एक खटकतं. आठ महिन्यांत तिसरा मुलगा आला. प्रत्येक जण पहिल्यापासून विचारतो, लागण कधीची, पाणी विहिरीचं की बोअरचं. आधीच्यानं लिहून घेतलेलं कुठं जातं, देव जाणे.

बाग सध्या निसवतेय, म्हणजे घड बाहेर पडताहेत, घडाला नऊ-दहा फण्या आहेत. रास, म्हणजे घडाचं सरासरी वजन, किती पडते ते कापणीला कळेल, आणि पडली तरी श्रेय खताचं किती, यंदाच्या पावसाचं किती, हे मला सांगता येणार नाही.

पालाशसाठी ०:०:५० त्यांचंच घेणार आहे. पंपाच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहून ठेवलंय: कॅल्शियम बुधवारी, फॉस्फरस शनिवारी. चौथा मुलगा आला की आधी ते वाचायला लावतो.