बोटीचा गिअर अडतोय? गिअरबॉक्स कुणाच्या हाती देण्याआधी हे वाचा

नाशिकमध्ये शिडाची बोट बाळगणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आमची बोट मांडव्याला असते आणि आम्ही तिघे मालक (मी, माझे साडू आणि त्यांचा एक मित्र) नाशिकला. समुद्र लांब असला तरी अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत लेथ, ग्राइंडिंग, गिअर कटिंग, हवं ते काम होतं. म्हणून बोटीचं यंत्रकाम गावातच करून घ्यायचं, असा आमचा शिरस्ता. त्यातच एका माणसाने आम्हाला ६८ हजार रुपयांना गंडवलं. तो अजूनही कामं घेतोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

बोटीत दोन सिलिंडरचं यानमार डिझेल इंजिन आहे आणि त्याच्या मागे कोन क्लचचा साधा यांत्रिक गिअरबॉक्स. कोन म्हणजे शंकूच्या आकाराचा क्लच; तो घट्ट चिकटला की इंजिनाची ताकद पंख्याच्या शाफ्टला जाते. शिडाच्या बोटीला इंजिन लागतं ते वारा पडल्यावर आणि जेटीला लागताना. नेमका तिथेच गिअर दगा द्यायला लागला. फॉरवर्ड उशिरा पडायचा. रिव्हर्सला लिव्हर जड जायचा. कधी गिअर पडायचा, कधी नुसतंच इंजिन रेस व्हायचं आणि बोट तशीच जेटीकडे सरकत राहायची. बोटीला ब्रेक नसतो, रिव्हर्स हाच तिचा ब्रेक. साडूंनी एकदा पाय आडवा घालून बोट थोपवली, तेव्हा त्यांचा घोटा थोडक्यात वाचला. त्यानंतर हे काम पुढे ढकलणं शक्यच नव्हतं.

हा माणूस ओळखीच्या ओळखीतून मिळाला. मोठ्या जहाजांवर इंजिनरूममध्ये नोकरी केल्याचं सांगायचा. फोनवर लक्षणं ऐकली आणि लगेच निदान: "भाऊ, कोन गेले, दोन्ही. केबल-बिबल बघण्यात वेळ घालवू नका, गिअरबॉक्स काढून आणू." त्याच्याच पोराने मांडव्याला जाऊन गिअरबॉक्स उतरवला. मग व्हॉट्सॲपवर एका कोनाचा फोटो आला, घासून गुळगुळीत झालेला, वर निळसर झाक. "बघा, जळलाय." ४० हजार ॲडव्हान्स गेले, तेही दुसऱ्याच कुणाच्या नावावरच्या यूपीआयवर. वर्कशॉपला येतो म्हटलं की "आज बाहेर आहे". गिअरबॉक्स परत आला तेव्हा नव्यासारखा चकचकीत रंगवलेला होता. बिल साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही: कोन सेट, बेअरिंग, ऑइल सील, शिम (फट भरायच्या पातळ चकत्या), मजुरी. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, "भंगारात गेले."

गिअरबॉक्स बसवला. दुखणं जसंच्या तसं.

मग जेटीवरच्या मच्छीमार बोटींची इंजिनं बघणाऱ्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्याने आधी काय केलं, ते नीट सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. इंजिन बंद. गिअरबॉक्सच्या बाजूला जो छोटा आर्म असतो, त्याला कॉकपिटमधल्या लिव्हरकडून आलेली केबल जोडलेली असते. त्याने पिन काढून केबल सोडवली आणि आर्म हाताने हलवला. पुढे, खट्. मध्ये न्यूट्रल. मागे, खट्. अजिबात अडकलं नाही. मग बोट चारही बाजूंनी दोरांनी घट्ट बांधून घेतली, इंजिन आयडलला चालू केलं आणि पुन्हा हातानेच गिअर टाकला. शाफ्ट लगेच फिरला, दोर ताठ झाले. रिव्हर्सलाही तसंच. "शेठ, गिअरला काय बी झालेलं नाय. वायर गेलीय."

केबल बाहेर ओढली तर एका वळणावर तिचं प्लॅस्टिकचं आवरण चिरलेलं होतं. आत खारं पाणी शिरून तार गंजली होती, गंजाने तिथे फुगवटा आला होता. लिव्हर वर पूर्ण ढकलला तरी खाली आर्म निम्माच सरकत होता. नवी केबल चार हजारांच्या आत आली. ती लावल्यावर मिस्त्रीने न्यूट्रलपासून दोन्ही बाजूंना आर्म सारखाच सरकतो ना, हे बघून नट जुळवले. गिअर सुतासारखा सरळ पडायला लागला.

ही फसवणूक इतकी सहज खपते, याचं कारण यंत्रातच आहे. आर्म पूर्ण सरकला नाही तर कोन अर्धवट चिकटतो आणि घसरतो. इंजिन रेस होतं, बोट ओढत नाही. कोन खरोखर झिजला असेल तरी लक्षण हेच. त्यामुळे नुसतं ऐकून "कोन गेले" म्हणणारा खोटं बोलतोय, असं कुणाला वाटत नाही. निवाडा होतो तो केबल सोडवून. हाताने गिअर नीट पडला आणि भार घेतला, तर दोष केबलमध्ये किंवा वरच्या कंट्रोलमध्ये. हातानेही घसरला, तर मात्र गिअरबॉक्सकडे वळा, आणि तेव्हाही आधी ऑइल काढून बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. शिवाय ऑइल कंपनीने सांगितलेलंच हवं. आमच्या गिअरबॉक्सला इंजिन ऑइल चालतं, हर्थ कंपनीच्या यांत्रिक गिअरबॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं. इथे अदलाबदल केली तर चांगला क्लचही त्रास देतो. आयडलचा वेग जास्त असेल तर गिअर धाडकन पडतो, त्याचा क्लचच्या झिजेशी संबंध असतोच असं नाही.

आता पुरावा. गिअरबॉक्स पुन्हा उतरवून आम्ही अंबडला एका जुन्या, खात्रीच्या कारखानदाराकडे नेला. त्यांनी चिंधीवर थिनर घेऊन एक बोल्ट पुसला. वरचा नवा स्प्रे निघाला. खाली कंपनीचा मूळ करडा रंग, बोल्टच्या डोक्यावरून केसिंगवर सलग उतरलेला, कुठेही तडा नाही. पाना लागला असता तर तो रंग तिथेच फुटला असता. एकेक करत सगळे बोल्ट पुसले, सगळे तसेच. म्हणजे गिअरबॉक्स उघडलाच नव्हता. उघडल्यावर आत आमचेच जुने कोन निघाले, चांगल्या अवस्थेत. फोटोतली निळी झाक कुठेच नाही. ते म्हणाले, "कोन आणि बेअरिंग बदलले तर शिमचं माप पुन्हा घ्यावंच लागतं. मापं कुठे लिहून दिलीत त्याने?" बिलात शिमचे पैसे लावले होते, माप एकही नव्हतं.

तुमचं काम सध्या अशा कुणाकडे असेल तर शिमची मापं लेखी मागा, जुने पार्ट हातात घ्या आणि गिअरबॉक्स उघडताना समोर उभे राहा. गिअरबॉक्स सोपवण्याआधी बोल्टच्या डोक्यांवर मार्करने रेघ ओढून फोटो काढा. आणि रंगवू देऊ नका. रंगाखाली तेलाची गळतीही झाकली जाते.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आम्ही नोंद केली, नंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी पाठवलेल्या नोटिशीला त्याने उत्तर दिलंय की काम आम्ही पसंत करूनच पैसे दिले. यूपीआयच्या पावत्या, तो फोटो, गंजलेली केबल आणि ते पुसलेले बोल्ट आम्ही जपून ठेवलेत. पहिली तारीख लागायची आहे. तुमच्याकडे असाच चकचकीत रंगवलेला गिअरबॉक्स आणि साध्या कागदावरचं बिल असेल, तर बोल्ट पुसून बघा आणि फोटो काढल्याशिवाय पुढे हात लावू नका.