४ टीबी पोर्टेबल हार्डडिस्क : अख्खी लग्नसराई वापरून झाल्यावर

मोठी कॉपी मारताना मंदावणारी माझी डिस्क सर्व्हिस सेंटरने ‘नो प्रॉब्लेम फाउंड’ असा शेरा मारून परत दिली, म्हणून हे लिहायला बसलोय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाहीच. अडीच इंची, यूएसबीवर चालणारी, ४ टीबीची नेहमीची पोर्टेबल डिस्क. बाकीचे स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत.

माझा धंदा लग्नाच्या फोटोग्राफीचा, सांगली-मिरज पट्ट्यातला. दोन कॅमेरे आणि एक व्हिडिओवाला मिळून एका लग्नाचा दोन-अडीचशे जीबी डेटा सहज होतो. रात्री हॉलवरून आलं की कार्डं खाली करायची, मग सिलेक्शन, अल्बम, पार्टीला पेनड्राइव्ह. हिशेब मिटला की निवडक फोटो ठेवून बाकीचा डेटा उडवायचा आणि त्या जागी पुढच्या लग्नाचा टाकायचा. दर पंधरा-वीस लग्नांमागे नवी डिस्क घेणं आमच्या रेटमध्ये बसत नाही. जुनं काढून नवं भरणं हीच आमची पद्धत, आणि नेमकी हीच पद्धत या डिस्कला सोसत नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर घेतली तेव्हा मी खूश होतो. सेकंदाला १२० एमबीच्या आसपास स्पीड, आवाज नाही, गरम होणं नाही. पौष-माघात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. डिस्क एकदा काठोकाठ भरली, मी जुनी लग्नं उडवली, आणि तिथून गाडी बिघडली. कॉपी मारायला घेतली की पहिली काही मिनिटं तोच स्पीड. मग एकदम १५ एमबी, कधी ८, कधी सरळ शून्य. स्पीडच्या आलेखाची रेषा सपाट, लाइट लुकलुकतोय, आणि उरलेला वेळ दाखवतोय सहा तास. पहाटे हळदीला जायचंय, कार्डं रिकामी हवीत, आणि आदल्या लग्नाचा डेटा अर्ध्यात अडकलेला. कार्ड तसंच फॉरमॅट मारायची माझी हिंमत नाही, कारण लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नसतात. दर वेळी नवी कार्डं विकत घ्यावी लागली. डिस्कमध्ये वाचवलेले पैसे असे कार्डांत गेले.

शंका घ्यायच्या त्या सगळ्या घेऊन झाल्या. केबल बदलली. दुसऱ्या लॅपटॉपला लावली. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून आतले आकडे बघितले. रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर शून्य, करंट पेंडिंग सेक्टर शून्य, सीआरसी एरर वाढलेले नाहीत. म्हणजे प्लॅटर, आतली डेटा साठवणारी चकती, खराब नाही, केबलही ठीक. डिस्कचा फॉरमॅट एक्सफॅटवरून एनटीएफएस केला, तरी तेच.

सर्व्हिस सेंटरवाल्याने माझ्यासमोर दहा जीबीची एक फाइल टाकून दाखवली. ती धावली. “बघा साहेब, डिस्क ओके आहे.” मी म्हटलं, दोनशे जीबी टाकून दाखवा. त्याने नकार दिला, त्यांच्या टेस्टमध्ये ते बसत नाही म्हणाला. वॉरंटी डिस्क बिघडण्यावर आहे, मंद चालण्यावर नाही, असंही सांगितलं. आवाज चढला, दोघांचाही. तो पगारी माणूस, त्याच्यावर राग नाही. पण दहा जीबीची टेस्ट या डिस्कबद्दल काहीच सांगत नाही हे त्या कंपनीतल्या कुणाला तरी नक्की ठाऊक आहे.

कारण ही डिस्क एसएमआर आहे, म्हणजे शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग. जुन्या पद्धतीला सीएमआर, म्हणजे कन्व्हेन्शनल मॅग्नेटिक रेकॉर्डिंग म्हणतात. त्यात प्रत्येक ट्रॅक, म्हणजे चकतीवर डेटा लिहायची गोल रेघ, आपापल्या जागी सुटा असतो. एसएमआरमध्ये ट्रॅक मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. वाचणारं हेड अरुंद आणि लिहिणारं हेड रुंद असतं, त्यामुळे ट्रॅकची उघडी राहिलेली पट्टी वाचायला पुरते आणि तेवढ्याच प्लॅटरवर जास्त डेटा मावतो. पण मधल्या एका ट्रॅकवर नवीन लिहायचं तर रुंद हेड शेजारचा ट्रॅकही पुसतं. म्हणून तो अख्खा पट्टा आधी वाचून घ्यायचा, बदल करायचा आणि सगळा पुन्हा लिहायचा. अनेक डिस्कमध्ये हा पट्टा २५६ एमबीचा असतो. कॅमेऱ्यातल्या एका २५ एमबीच्या रॉ (कच्च्या) फाइलसाठी एवढा उपद्व्याप.

हे ग्राहकाच्या लक्षात येऊ नये म्हणून डिस्कमध्ये थोडा भाग साध्या पद्धतीचा राखून ठेवतात. नवा डेटा आधी तिथे उतरतो आणि डिस्क रिकामी बसली की आतल्या आत तो जागेवर लावते. दहा जीबी त्या राखीव भागात आरामात मावतात, दोनशे मावत नाहीत. कोऱ्या डिस्कवर पट्टे सलग भरत जातात, म्हणून पहिल्या फेरीला सगळं सुरळीत चालतं. दुसऱ्या फेरीला अडतं, कारण आपण विंडोजमध्ये डिलीट मारलं तरी ती खबर बऱ्याच यूएसबी डिस्कपर्यंत पोचत नाही. ती बिचारी जुन्या लग्नाचा डेटा अजून जपायचाय असं धरून पट्टे वाचत आणि लिहीत बसते. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या पंचतारांकित रिव्ह्यूंवर म्हणूनच भरवसा ठेवू नका. त्या लोकांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, पण त्यांची डिस्क अजून एकदाही भरलेली नाही.

आता माझा मुख्य राग. विंडोज ४ टीबीऐवजी ३.६३ दाखवतं, याबद्दल कंपन्या खोक्यावर बारीक अक्षरात खुलासा छापतात, की १ टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट. तो हिशेब बरोबर आहे. किलो, मेगा, गिगा, टेरा ही ग्रीकवरून घेतलेली मापं हजाराच्या पटीतच चालतात. १०२४ च्या पटीसाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं १९९८ पासून आहेत, विंडोज ती वापरत नाही एवढंच. त्यात फसवणूक नाही. पण ज्या गोष्टीने धंद्यात फरक पडत नाही तिचा खुलासा छापायला खोक्यावर जागा आहे, आणि एसएमआर ही तीन अक्षरं छापायला नाही? आतलं घडी घातलेलं पत्रक कितीतरी भाषांत आहे, त्यात ग्रीकसुद्धा आहे. सगळ्या भाषांत प्लग कसा लावायचा ते सांगितलंय. ट्रॅक कसे लिहिले जातात हे एकाही भाषेत नाही.

हे नकळत झालेलं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये याच गोष्टीवरून जगभर ओरड झाली होती. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या, नॅससाठी (नेटवर्कवर जोडायच्या साठवणपेटीसाठी) विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि ग्राहकांना ते सांगितलेलं नव्हतं. त्यानंतर वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांनी कोणती डिस्क कोणत्या पद्धतीची याच्या याद्या जाहीर केल्या, आणि वेस्टर्न डिजिटलने सीएमआरवाल्या डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या केल्या. हार्डडिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता एवढ्या तीनच उरल्यात. सुट्या साडेतीन इंचीच्या डेटाशीटवर हल्ली सीएमआर लिहिलेलं सापडतं. पोर्टेबल घेणाऱ्याला मात्र अंधारातच ठेवतात, आणि १ टीबीच्या वरच्या अडीच इंची डिस्क आज जवळपास सगळ्या एसएमआरच आहेत.

इथवर लिहून झाल्यावर दोन तारे देणार होतो. पण गेल्या काही आठवड्यांत डिस्क वेगळ्या पद्धतीने वापरतोय, आणि मत थोडं बदललंय. कॉपी संपली तरी तिला रात्रभर जोडलेली ठेवतो. लाइट लुकलुकत राहतो, हाताला बारीक थरथर लागते, आतलं आवरणं चालू असतं. सकाळी तिचा स्पीड परत आलेला असतो. त्या अवस्थेत केबल ओढून काढू नका, सेफली रिमूव्ह करून लाइट विझेपर्यंत थांबा. एकदाच भरून ठेवायच्या कामाला तर ही उत्तम आहे. वाचायला ती कुठेही कमी पडत नाही. मागच्या मोसमातल्या एका पार्टीने आजोबांचा एकट्याचा फोटो मागितला, आजोबा गेले होते. हजारो फाइलींतून तो काही मिनिटांत काढून पाठवता आला. त्या दिवशी ही डिस्क घेतल्याचं समाधान वाटलं.

म्हणून तीन तारे. दिवाळीचे किंवा मुलांचे फोटो, जुने पिक्चर, एकदा ठेवून विसरायचा बॅकअप, यासाठी बिनधास्त घ्या. रोज भरणं-उडवणं असेल तर घेऊ नका. ४ टीबीचा एसएसडी मला परवडत नाही, म्हणून मी सीएमआरची साडेतीन इंची डिस्क आणि १२ व्होल्टच्या अडॅप्टरवाली केसिंग घेतली. ती हॉलवर नेता येत नाही, घरच्या टेबलावरच राहते. कार्डं तिच्यावर खाली होतात, आणि पार्टीचं फायनल झालेलं काम या जुन्या डिस्कवर एकदाच उतरतं. दुकानात विचारताना फक्त ‘फास्ट आहे का’ विचारू नका, मॉडेल नंबर मागा आणि कंपनीच्या यादीत तो शोधूनच पैसे द्या. यादीत सापडला नाही तर एसएमआर धरून चाला.